‘परवडत नसेल तर गाडी चालवू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अ‍ॅपवरच्या कॅबचालकांनी दरासाठी आवाज उठवला की एक ठरलेला मजकूर सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: हे चालक कुणाचे नोकर नाहीत, मनाला येईल तेव्हा लॉगइन करतात, महिन्याला साठ-सत्तर हजार कमावतात, आता कायद्यानं त्यांना सामाजिक सुरक्षाही दिली, दर वाढले तर कंपन्या गाशा गुंडाळतील, आणि एवढं करूनही परवडत नसेल तर त्यांनी दुसरं काम बघावं. एरवी विचारी असलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ते स्वतःचे मालक आहेत.’

किराणा दुकानदार डाळीचा भाव स्वतः ठरवतो, उधारी कुणाला द्यायची तेही ठरवतो. कॅबचालकाच्या हातात यातलं काय आहे? भाडं कंपनी ठरवते. त्यातून किती कापायचं ते कंपनी ठरवते. कोणती ट्रिप कुणाकडे जाणार आणि रेटिंग घसरल्यावर चालकाची अ‍ॅपवरची आयडी चालू ठेवायची की बंद करायची, हेही तीच ठरवते. चालकाच्या वाट्याला येतो तो गाडीचा हप्ता, सीएनजी, पासिंग, इन्शुरन्स आणि टायर. सगळे निर्णय एकाचे आणि सगळा खर्च दुसऱ्याचा, याला मालकी म्हणत नाहीत.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयानं उबरच्या चालकांना ‘वर्कर’ ठरवलं, म्हणजे किमान वेतन आणि भरपगारी रजेचे हकदार. लॉगइन कधी करायचं हे चालक ठरवतात, ही गोष्ट न्यायालयानं नाकारली नाही. पण भाडं आणि कराराच्या अटी कंपनीच्या, लॉगइननंतर ट्रिप नाकारण्याची मोकळीक तुटपुंजी आणि रेटिंगचा धाक कायम, हे पाहून निकाल दिला. कामाचे तासही गिऱ्हाईक गाडीत बसल्यापासून नव्हे, तर आपल्या हद्दीत लॉगइन करून ट्रिप घ्यायला तयार असल्यापासून मोजायचे, असं सांगितलं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये नंबर लागायची वाट बघत बसलेल्या आपल्याकडच्या चालकाला या वाक्याचं मोल विचारा.

‘साठ-सत्तर हजार कमावतात.’

स्क्रीनशॉटमधला तो आकडा गल्ल्याचा असतो, हातात पडणारा नव्हे. आधी दर बघू. मुंबई महानगर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं अ‍ॅपवरच्या कॅबसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा मूळ दर ठरवला. मागणी कमी असताना कंपनी त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकते, म्हणजे दर १७ रुपये ४ पैशांवर येतो. चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळाले पाहिजेत. म्हणजे नियम तंतोतंत पाळूनही किलोमीटरला साधारण १३ रुपये ६० पैसे हातात येऊ शकतात. काळी-पिवळी टॅक्सीचा दर फेब्रुवारी २०२५ पासून २० रुपये ६६ पैसे आहे आणि त्यातून कुणी टक्केवारी कापत नाही.

आता खर्च. अ‍ॅप पैसे मोजतं ते गिऱ्हाईक बसल्यापासून उतरेपर्यंतचे. समजा, ट्रिप दहा किलोमीटरची आहे. पिकअपला जायला तीन आणि पुढची ट्रिप मिळेपर्यंत चार किलोमीटर गाडी रिकामी धावली, तर सीएनजी सतरा किलोमीटरचा जळतो. वर टॅक्सी पासिंगच्या गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ता तशाच खासगी गाडीच्या दुपटीहून जास्त. बँकेचा हप्ता तर आजारपणातही थांबत नाही. हे सगळं वजा करा, उरलेल्याला कामाच्या तासांनी भागा आणि मग तो स्क्रीनशॉट पुन्हा पाहा.

चालक ट्रिप रद्द करतात, फोन करून ‘कॅश की ऑनलाइन?’ विचारतात, याची प्रवाशांना येणारी चीड मला समजते. पावसात ताटकळलेल्या माणसाला हिशोब ऐकायचा नसतो. पण या वागण्याचं मूळ याच हिशोबात आहे. ज्या ट्रिपमध्ये रिकामं रनिंग जास्त, ती तोट्याची. कमिशनवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइनचे पैसे आधी कंपनीकडे जातात, सीएनजीच्या पंपावर मात्र ते आत्ता लागतात. दर सुधारला तर रद्द होणाऱ्या ट्रिपही कमी होतील, अशी माझी खात्री आहे.

‘आता कायद्यानं सगळं दिलं.’

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संसदेनं मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्यात अ‍ॅपच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायची तरतूद आहे, चालकांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्के या मर्यादेत. हे पाऊल चांगलंच आहे. पण त्या निधीतून विमा आणि तत्सम योजना मिळतील, ट्रिपचा दर नाही. किमान वेतनाचा कायदा या चालकांना अजून लागू नाही. मागणी रोजच्या मोबदल्याची आहे आणि उत्तर विम्याचं दिलं जातंय.

‘सुरक्षा? गाडी नीट चालवा म्हणजे झालं.’

केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉगइन नको, असं म्हटलं होतं. पण एक अ‍ॅप बंद झालं की चालक दुसरं उघडतो, कारण हप्ता बारा तासांत सुटत नाही. कमी दर आणि डोळ्यांवरची झोप या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. मागच्या सीटवर आपली मुलं बसलेली असतात, हे तरी लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट ओळखीची. चालकाचं लायसन्स, बॅज, पोलिसांची पडताळणी, फोटो, सगळं कंपनीकडे असतं. मध्यरात्री गाडीत बसणाऱ्याची ओळख बहुतेक वेळा फक्त एक मोबाइल नंबर. मारहाण झाली, पैसे बुडवले, तर चालकानं कुणाकडे जायचं? आणि प्रवाशाच्या खोट्या तक्रारीवरून आयडी बंद झाली, तर बाजू ऐकणार कोण? कर्नाटकानं अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठीच्या २०२५ च्या कायद्यात कुणाचं काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली. महाराष्ट्रात हे का होऊ नये?

‘दर वाढले तर कंपन्या निघून जातील.’

न्यूयॉर्क शहरानं २०१९ पासून अ‍ॅपच्या चालकांना किमान मोबदला लागू केला. लंडनलाही लागू असलेला ब्रिटनचा निकाल वर सांगितलाच. दोन्ही शहरांत उबर आजही धावते.

‘संप कशाला, चर्चा करा.’

चर्चा झाली. पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये दर ठरवला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू व्हायचा होता. अ‍ॅपवर तो दिसलाच नाही. त्यानंतर निवेदनं झाली, बैठका झाल्या. जुलै २०२५ मध्ये मुंबईचे चालक गाड्या बंद ठेवून आझाद मैदानावर बसले आणि सप्टेंबरात २२ रुपये ७२ पैशांचा आदेश निघाला. आता चालकांचं म्हणणं एवढंच आहे की सरकारनं ठरवलेला दर अ‍ॅपमध्ये दिसावा आणि जी कंपनी तो दाखवणार नाही तिच्या परवान्यावर परिवहन विभागानं कारवाई करावी.