दोन्ही घरची फाईल उपाशी

माझा लेख एकच आहे आणि त्याच्या प्रती अकरा. लॅपटॉपवर ‘लेख अंतिम’, टेबलावरच्या जुन्या मॅकवर ‘लेख अंतिम खरा’, बाहेरच्या हार्डडिस्कवर ‘लेख अंतिम खरा २’ आणि पेनड्राइव्हवर नुसताच ‘लेख’, जो बहुधा सगळ्यांत नवा आहे. उरलेल्या सात कुठे आहेत ते आठवलं की सांगतो. गेल्या महिन्यात एका परिच्छेदाची मी तासभर डागडुजी केली. मग लक्षात आलं, की दुसऱ्या एका प्रतीतून तो परिच्छेद मी आठवड्यापूर्वीच हाकलला होता. त्याच रात्री ठरवलं: आता दोन ठिकाणची फोल्डरं जुळवणारं, म्हणजे ‘सिंक’ करणारं, सॉफ्टवेअर आणायचं.

यातली बरीचशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि तीच पहिली अडचण. पैसे पडले असते तर एकदा घेऊन, पस्तावून मोकळा झालो असतो. फुकट असल्यामुळे सगळी पाहावी लागली. शेवटी भाच्याला फोन केला. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची कार्यप्रणाली टाकून देणारा तोच, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच.

“मामा, एकतर्फी हवं की दुतर्फी?”

“दुतर्फी,” मी म्हणालो. एकतर्फी कारभाराला आमच्या घरात मुळात विरोध आहे.

“दुतर्फी अवघड असतं. समज, एक फाईल इथे आहे आणि तिथे नाही. मग ती इथे नवीन आली, की तिथली तू उडवलीस?”

“मला काय ठाऊक?”

“तेच तर. म्हणून प्रोग्रॅमला वही ठेवावी लागते. मागच्या खेपेला दोन्हीकडे काय काय होतं, ते त्यात लिहिलेलं असतं. वहीत असलेली फाईल एकीकडून गायब झाली, तर ती पुसली. वहीत नसेल, तर ती नवी.”

हे पटलं. फक्त पहिल्या खेपेला वही कोरी असते, हे त्याने सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही. वही कोरी असली की काहीही पुसायची प्रोग्रॅमची छाती होत नाही. इकडचं सगळं तिकडे, तिकडचं सगळं इकडे! दोन वर्षांत मी वेगवेगळ्या ठिकाणी जे जे निर्दयपणे उडवलं होतं, ते दुसरीकडे कुठेतरी जिवंत होतंच. ते सगळं गाठोडी बांधून परत आलं. दहा प्रती तिन्ही यंत्रांवर म्हणजे तीस, आणि पेनड्राइव्हवरची एक. एकतीस अंतिम लेख.

मग मी अभ्यासाला बसलो. युनिसन हा प्रोग्रॅम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने तयार झाला. तो अत्यंत सभ्य आहे. दोन्हीकडे एकच फाईल बदललेली दिसली तर तो परस्पर निर्णय घेत नाही, मधे प्रश्नचिन्ह काढतो आणि आपल्याकडे बघत बसतो. सिंकथिंग हा दुसरा प्रोग्रॅम तसा थांबत नाही. ज्या प्रतीतला बदल जुना, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घुसडून तिला बाजूला बसवतो आणि पुढे चालू लागतो. त्याला मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही, फाईल या यंत्रावरून थेट त्या यंत्रावर जाते. मात्र त्यासाठी दोन्ही यंत्रं एका वेळी जागी हवीत. माझा लॅपटॉप दिवसपाळीला आणि मॅक रात्रपाळीला. त्यांची गाठभेट घालायची तर मला रजा काढावी लागली असती.

भाच्याचं दैवत मात्र आरसिंक. १९९६ साली ॲन्ड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो आणला. मोठ्या फाईलमधला एवढासा तुकडा बदलला तर नेटवर्कवरून तो तेवढाच तुकडा पाठवतो, ही त्याची करामत. फक्त खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, हुकूम टाईप करायचा. उचलायच्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, न दिली तर फोल्डरसकट जातो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्यात शाळेपासून गोंधळ घालणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये, हे मला लगेच कळलं.

म्हणून मी बटणांचा एक प्रोग्रॅम घेतला. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. त्यात ‘मिरर’ नावाची सोय होती. मिरर म्हणजे आरसा, एवढं इंग्रजी मला येतं. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे दिसणार. त्याआधी लॅपटॉपवरची सगळी रद्दी मी स्वतःच्या हाताने साफ केली होती, डिस्कवरून निवडकच परत आणू म्हणून. मॅकवरचीही काढायची होती, पण कंटाळा आला. मग डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे डिस्क ठेवून बटण दाबलं. प्रोग्रॅमने विचारलंही, इतक्या इतक्या फाईली पुसू का? आकडा मोठा होता. मला वाटलं, किती काम करतोय बिचारा. ‘हो’ म्हणालो.

माणूस आरशासमोरून निघून गेला की आरसा रिकामा होतो, ही साधी गोष्ट. मी रिकामं फोल्डर समोर उभं केलं आणि भरलेल्याला त्याचा आरसा केलं. दोन मिनिटांत डिस्क लॅपटॉपसारखीच स्वच्छ झाली. जुळणी शंभर टक्के, चूक एकही नाही, असा शेराही आला.

“सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, मामा,” भाचा म्हणाला. “तू केलेली चूक तो इमानदारीने दुसरीकडे पोचवतो.”

वाचलं ते माझ्या कंटाळ्यामुळे. मॅकवर सगळं जसंच्या तसं होतं. तिथून लॅपटॉपवर आणलं, पेनड्राइव्हवर जे होतं तेही टाकलं, तर ‘दुसऱ्या भागाची टिपणं’ नावाचं फोल्डर दोनदा दिसायला लागलं. नाव तेच, काना-मात्रा तीच. आधी डोळे तपासले, मग भाच्याला बोलावलं. गुन्हेगार निघाला ‘दुसऱ्या’तला तो आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध ऱ, नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. जुन्या मॅकची डिस्क फाईलच्या नावात त्याचे दोन तुकडे करून ठेवते, आणि लिनक्स त्या दोन नावांना दोन वेगळी माणसं समजतो. म्हणजे माझं मराठी शुद्ध होतं म्हणून ही शिक्षा. ‘भाग दोन’ लिहिलं असतं तर काही झालं नसतं.

हार्डडिस्कचं आणखी वेगळंच. ती फॅट३२ची, म्हणजे फाईली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीची. फाईल कधी बदलली ही वेळ ती दोन-दोन सेकंदांच्या ढांगांनी लिहिते, विषम सेकंद तिला माहीतच नाही. त्यामुळे काटेकोर प्रोग्रॅमला वाटतं, अर्ध्याअधिक फाईली बदलल्या. “दोन सेकंदांची सूट दे तिला,” भाचा म्हणाला. इतकी सूट मला आयुष्यात कुणी दिलेली नाही, पण दिली.

आता सगळं मार्गी लागलंय. काल रात्री युनिसन उघडला. आधी नुसतीच यादी पाहायची, मग बटण, एवढं शिकलोय. यादीत सगळे बाण सरळ, एकच ओळ अडलेली. ‘लेख अंतिम खरा’: दोन्हीकडे बदललेला, मधे प्रश्नचिन्ह. मी दोन्ही प्रती उघडल्या. एकीत सुरुवात बरी होती, दुसरीत शेवट. प्रश्नचिन्ह माझ्याकडे बघत होतं. रात्रीचा एक वाजला होता.

मी दोन्हींवरून एक नवी प्रत केली, तिला ‘लेख अंतिम खरा, जुळवण्याआधी’ असं नाव दिलं आणि बटण दाबलं. दुसऱ्या मिनिटाला ती सगळीकडे पोचली.