मंग हा शर्ट कायले घातला?

नागपुरात बर्डीवरच्या त्या शाळेच्या गणवेशांच्या दुकानात मी आकाशी शर्ट आणि निळी पँट घालून गेलो, एवढाच माझा गुन्हा. तिथले सगळे सेल्समन आकाशी शर्ट-निळ्या पँटीत असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पोरगी सातवीत गेली. शाळेनं यंदा मोज्यावरच्या दोन पट्ट्यांच्या तीन केल्या. गेल्या वर्षीचे धडधाकट मोजे बाद, आणि नवे मिळणार फक्त याच दुकानात. रांगेत उभा होतो, तेवढ्यात कोणीतरी माझी बाही ओढली.

"ओ भाऊ, ह्या पोट्ट्याच्या मापाचा हाफपँट दाखवा ना जी."

"आजी, मी इथं काम नाही करत."

"मंग उभे कायले आहात?"

"मी गिऱ्हाईक आहे."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग हा शर्ट कायले घातला?"

याला काय उत्तर असतं? मी शोधत होतो, तेवढ्यात गल्ल्यावरून मालक मान वर न करता ओरडला, "अबे, आजीले अठ्ठावीस नंबर दे ना! बुजगावण्यासारखा उभा काऊन आहे?"

माझं वय चव्वेचाळीस. ऑफिसात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. पण 'अबे' ऐकलं आणि हात आपोआप वरच्या फळीकडे गेला.

पोट्ट्यानं ती चड्डी आहे त्या कपड्यांवरूनच चढवली आणि खाली ओढून गुडघ्यावरची खपली झाकते का ते पाहू लागला. झाकत नव्हती. "पाचवीपासून फुलपँट भेटते न?" त्यानं मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं बोटं मोजली आणि सुस्कारा सोडला.

"पुढच्या सालीबी चालंल न?" आजी.

"चालेल. वाढत्या अंगाचा आहे." हे मीच बोललो!

"मागच्या सालीबी तुम्ही असंच म्हटलं होतं."

माझी पोरगी खांबाआड तोंड दाबून हसत होती. हसू दे. घरी रोज टायवरून हीच आकांडतांडव करते. आणि तिचं खरंही आहे. उन्हामुळे आमच्या विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे ऊन आहे हे सरकारला मान्य आहे. मग गळ्यात टाय कोणत्या थंडीसाठी? तोही इलॅस्टिकचा. मागच्या बाकावरचं कार्टं तो ओढून सोडतं, की गळ्यावर फट्! पण वाढदिवसाला रंगीत कपड्यांची मुभा असते, त्या दिवशी ही बया गणवेशातच गेली. का, तर "सगळे बघतात न बाबा."

सरकारी शाळांची आणखी वेगळी कथा. २०२४-२५ साली 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड वरूनच यायचं ठरलं. ते वेळेवर आलं नाही, पोरं महिनोन्महिने जुन्याच कपड्यांत बसली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. तिथं एका अख्ख्या गणवेशाला ३०० रुपये मिळतात. माझं बिल आलं: मोजे, दोन जोड, ३६० रुपये. तिसरी पट्टी सोन्याच्या जरीची असावी म्हणून उलटसुलट करून पाहिली. नायलॉनच होती.

मालकाला म्हटलं, "जरा जास्त होतात."

"शाळेले विचारा." शाळेला विचारलं होतं. शाळा म्हणाली, दुकानाला विचारा.

पायऱ्या उतरताना आजी पुन्हा भेटल्या. पोट्टा पिशवी छातीशी धरून उभा.

"भाऊ, लहान झाला तं उद्या बदलून न्याले येतो. तुम्ही असान न?"

पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"असेन," मी म्हणालो.