पसरणीचा उतार आणि भरलेली बॅटरी

जुन्या गाड्या इलेक्ट्रिक करण्यावरचा तुमचा लेख वाचला. लेखात म्हटलंय, जुन्या पद्मिनी-अॅम्बॅसेडरमध्ये इंजिन काढून मोटर नि बॅटरी बसवली की झालं काम. मोटर बसवणं त्यातल्या त्यात सोपं. अडॅप्टर प्लेट (दोन्हींना जोडणारी धातूची जाड पट्टी) लावून ती मूळ गिअरबॉक्सलाच जोडता येते. प्लेट करायला साताऱ्याबाहेर जायचीही गरज नाही, एमआयडीसीतला चांगला लेथवाला करून देईल.

पण आमच्याकडे घाट आहेत हो! पाचगणीत रात्रभर चार्जिंग करून सकाळी वाईकडे पसरणी घाट उतरायला लागा. उतारावर मोटर वीज तयार करते आणि त्यानेच गाडीचा वेग आवरते; पण बॅटरी काठोकाठ भरलेली, म्हणजे ती वीज घ्यायला तिच्यात जागाच नाही. गिअरमध्ये उतरताना इंजिन गाडीला जो अटकाव करायचं, तोही गेलेला. सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर त्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप लागतो, कारण व्हॅक्यूम इंजिनच देत होतं. वर राहणाऱ्यांनी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवरच थांबवावं आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत. लेखात ब्रेकचा उल्लेखही नाही (फोटो मात्र झकास).

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. मोटर बसवलीत की व्हिंटेज गाड्यांना मिळणारा 'व्हीए' नंबर विसरा. चालू इंजिनाच्या गाडीला हात लावूच नये, असं माझं मत. इंजिन जाम होऊन पडलेल्या गाड्या काय कमी आहेत?