जत्रेत रिंग टाकून घड्याळ जिंकण्याचे खात्रीशीर उपाय

नवरात्रात नाशिकला कालिकेच्या जत्रेला निघालात ना? मुंबई नाक्यावर गाडी लावायला जागा मिळाली तर तिथूनच घरी परता, त्या दिवसाचं नशीब संपलेलं असतं. तरीही खेळायचंच असेल तर माझा अनुभवी सल्ला ऐका.

फुगे फोडताना फुग्यावर नेम धरू नका. बंदुकीचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, ऑलिंपिकमध्ये 10 मीटरवरून मारतात त्याच मापाचा. फक्त तिथे बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंटा, कोणी पकडीने वाकवलेली नसते. म्हणून शेजारच्या फुग्यावर धरा. आणि फुगा सैल असला तर छर्रा लागूनही फुटत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

डब्यांचा मनोरा पाडायचाय? तळातला डबा उचलून दाखवा म्हणा. दाखवत नाहीत. पुढे चला.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही समजू नका. इंग्लंडात 1867 साली किंग्स्टनच्या जत्रेत काठ्या फेकून नारळ पाडण्याचा खेळ असल्याची नोंद आहे. पाडला तर नारळ तुमचा. तिकडे नारळ म्हणजे अप्रूप. आपल्याकडे पाच-दहा नारळ देवीपुढे फुटतात आणि जिंकायला प्लास्टिकचं घड्याळ असतं.

आता रिंग. रिंग ही वस्तूच्या ठोकळ्यापेक्षा जेमतेम नखभर मोठी असते. सरळ वरून सोडली तरच बसते, लांबून तिरकी आली की कोपऱ्याला अडकते. म्हणून तर स्टॉलवाला आत उभा राहून, ठोकळ्याच्या डोक्यावर हात नेऊन, अलगद सोडतो आणि म्हणतो, "बघा शेठ, बसते की नाही!" बसते हो. आम्हालाही आत घ्या, आमचीही बसेल.

माझ्या भाचीची बसली. बाहेरून टाकलेली, सगळ्यांदेखत, घड्याळाच्या ठोकळ्यावर. पोरगी टाळ्या पिटायला लागली तेवढ्यात कळलं की रिंग खाली फळीला टेकली पाहिजे. एका बाजूने बोटभर वर राहिली होती म्हणे. पैसे घेताना नियम होता "पडली की तुमची". टेकण्याचा नियम रिंग पडल्यानंतर जन्माला आला. वर शाम्पूची पुडी पुढे केली, "घे बेटा, खूश?" बेटा सात वर्षांची आहे. तिला शाम्पूची पुडी कळते आणि फसवणूकही कळते.

मी कायदा आठवून पाहिला. जुगारबंदीचा 1887 चा कायदा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. कौशल्य कोणाचं, एवढंच लिहायचं राहून गेलं.

आणि मग मागून ते वाक्य आलं: "जाऊ द्या हो, जत्रेत असंच असतं."

का असतं? वाकडी माशी चालते, वजनदार डबा चालतो, आयत्या वेळचा नियमही चालतो, कारण तुम्ही तिथे उभे राहून हसता. स्टॉलवाल्याने पोट भरावं, वीस रुपयांच्या पाच रिंगा विकाव्यात, त्यात दुखायचं कारण नाही. पण नियम काय तो पुठ्ठ्यावर खडूने लिहून आधी टांगायला काय होतं? आणि टांगलेला नसेल तर पैसे कशाला देता? घरी रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडता, इथे पोरीचं बक्षीस मारलं तर मामालाच दंडाला धरून बाजूला ओढता. मोबाइल उंच करून शूट करत होतात ना तुम्ही? तेवढ्या वेळात "द्या तिचं घड्याळ" असं तोंडातून काढता आलं असतं.