दातातली फट, तार आणि लग्नसराईतला मेसेज

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातले दावे चार. पुढच्या दातांतली फट पाहणाऱ्याला सगळ्यात आधी खटकते. तार लावली की रूप जातं, म्हणून उपवर मुलीला तार नको. फट लहानपणीच बुजवली नाही तर पोराचा आत्मविश्वास जन्माचा खचतो. आणि दोन दातांना रबर बँड घातला की फट घरच्या घरी, फुकटात मिटते. दात बघणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे 'डॉक्टर, खरं आहे का हो?' म्हणून तो माझ्याकडे येतोच.

शेवटचा दावा आधी घेतो. बाकीचे तीन फार तर चुकीचे आहेत, हा घातक आहे. पटाशीच्या दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं. रबर दातांवर चढवला की जागेवर राहत नाही, सरकत हिरडीत शिरतो. घरच्यांना वाटतं, पडला असेल कुठेतरी. तो आत मुळांभोवती आवळत आणखी खोल जातो आणि दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. एक्स-रेत रबर दिसत नाही, दिसते ती हाडाची पोकळी. हिरडी सुजलेली, दाबली की पू येतो, दोन्ही दात लांब झाल्यासारखे दिसतात आणि बोट लावलं की हलतात. असं मूल खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न रबराचाच विचारावा लागतो. वेळेत सापडला नाही तर दोन्ही दात जाऊ शकतात. फट मिटलेली असते, तेवढं मेसेजचं खरं.

आता 'सगळ्यात आधी खटकते' याबद्दल. १९९९ साली अमेरिकेत कोकिच आणि सहकाऱ्यांनी हसण्याचे फोटो मुद्दाम थोडे थोडे बिघडवून ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ), साधे दंतवैद्य आणि सामान्य लोक यांना दाखवले. वरच्या दातांची मधली रेघ, म्हणजे पुढच्या दोन दातांमधली उभी रेषा, ४ मिलिमीटर बाजूला सरकवली तेव्हा कुठे ऑर्थोडॉन्टिस्टांना ती खटकली. सामान्य लोकांना तेवढ्यानंही फरक जाणवला नाही. दात तिरपे केले तर मात्र २ मिलिमीटरलाच सगळ्यांच्या लक्षात आलं. म्हणजे आरशासमोर ओठ वर करून आपण जे मोजत बसतो, त्यातलं बरंचसं समोरच्याच्या गावीही नसतं. रुंद फट दिसते आणि अनेकांना आवडत नाही, हे मी नाकारत नाही. पण नायजेरियात तीच फट सौंदर्याची खूण मानतात, आणि लॉरेन हटन या मॉडेलला १९७३ मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा मोठा करार मिळाला तो फटीसकट. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायाही फटवाल्याला नशीबवान म्हणतातच की!

तारेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना धातूची तार सगळ्यात कमी आवडली, दाताच्या रंगाचे ब्रॅकेट (तार धरून ठेवायला दातावर चिकटवतात ते तुकडे) त्याहून बरे वाटले, आणि पारदर्शक ट्रे व दातांच्या मागून लावलेली तार सगळ्यात वर राहिली. पण उपचार साधारण दीड-दोन वर्षांचा असतो, दात जन्मभराचे. स्थळ बघायला आलेल्यांना तार दिसली म्हणून बोलणी फिसकटत असतील, तर ती तारेमुळे फिसकटली असं मला तरी वाटत नाही. आणि सगळा उपदेश मुलीलाच का? नवरदेवाच्या गुटख्यानं रंगलेल्या दातांवर त्या मेसेजात एक ओळ नाही.

आत्मविश्वासाचा दावा ऐकून आईबाप सातव्या-आठव्या वर्षीच मुलाला घेऊन येतात. त्या वयात वरच्या पटाशीत फट असणं बहुतेकदा स्वाभाविक असतं. वरून येणारे सुळे बाजूच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे दात पंख्यासारखे फाकतात. अकरा-बाराच्या सुमारास सुळे उतरले की फट बहुधा आपोआप मिटते. मिटली नाही तर कारण बघायचं: ओठ आतून हिरडीला जोडणारी जाड पट्टी, जास्तीचा दात, जन्मतः नसलेला किंवा बारका दात, जीभ पुढे ढकलायची सवय. राहिलं जन्माचं नुकसान. वेल्समधल्या कार्डिफमध्ये १९८१ साली अकरा-बारा वर्षांच्या १,०१८ मुलांपासून एक अभ्यास सुरू झाला; त्यातले ३३७ जण २००१ मध्ये पुन्हा तपासले. ज्यांनी उपचार घेतले त्यांचे दात जास्त सरळ होते आणि ते आपल्या दातांवर जास्त खूशही होते. पण लहानपणीचा आत्मसन्मान हिशेबात धरल्यावर, मोठेपणीच्या मानसिक स्वास्थ्यात उपचारानं फारसा फरक पडलेला दिसला नाही.

मी घाई करा म्हणतो ती वेगळ्याच फटीसाठी. पस्तिशी-चाळिशीत, आधी नसलेली फट नव्यानं पडू लागली, दात पुढे आले, घासताना रक्त येतं, तर बहुधा हिरडीखालचं हाड गेलेलं असतं. तंबाखू आणि मिश्रीवाल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. तिथे आधी हिरडीचा उपचार, तारेचं नंतर.