मे महिन्यातील परसबाग पाण्यापेक्षा सावलीवर जगते

रोहिणी संपत आली, मृग उंबरठ्यावर आला, तरी आमच्या वर्धा जिल्ह्यात दुपारचा पारा ४४ अंशांच्या खाली उतरायचे नाव घेत नाही. सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसबागेतल्या, भाज्यांपैकी काय तगले आणि काय गेले, हे सांगण्याचे दिवस हेच. दर वर्षी या सुमारास ओळखीच्या बायका आणि शहरातले नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, की पाणी तर सकाळ-संध्याकाळ भरपूर देतो, मग झाडे का वाळतात? माझे मत आता पक्के झाले आहे. विदर्भातल्या उन्हाळ्याच्या शेवटी घरची भाजी पाण्याच्या बादल्यांवर फारशी अवलंबून नसते. ती तगते डोक्यावरच्या सावलीवर, बुडाशी अंथरलेल्या कुटारावर (मळणीनंतर उरणाऱ्या भुशावर) आणि माघ-फाल्गुनात कोणते बी टाकले त्यावर.

आधी जे गेले त्याबद्दल लिहिते. टमाटर एप्रिलच्या मध्यापर्यंत घरादाराला पुरून उरत होते, पण मे लागताच फळ धरणे बंद झाले. फुले येत होती, झाडे हिरवी होती, आणि तरीही रोज सकाळी वाफ्यात देठासकट गळलेल्या पिवळ्या फुलांचा सडा दिसे. हा रोग नव्हे आणि खताची कमतरताही नव्हे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या बरेच वर गेले आणि रात्रीही हवा २४-२५ अंशांच्या खाली येईनाशी झाली, की टमाटरचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल फळ न धरताच गळते. आपल्याकडे मेच्या अखेरीस पहाटेसुद्धा २८ ते ३० अंश असतात, त्यामुळे या फुलांना कोणतेही टॉनिक फवारून उपयोग होत नाही; तो पैसा वाया जातो. आधी धरलेली फळेही नीट लाल झाली नाहीत, पिवळट केशरीच राहिली, कारण लाल रंग देणारे लायकोपीन ३० अंशांच्या पुढे नीट तयार होत नाही. शिवाय पानांचा आडोसा नसलेल्या बाजूला फळावर पांढुरका, कागदासारखा चट्टा पडतो आणि तिथूनच ते सडू लागते. अशा दिवसांत फळाला रंग फुटू लागताच ते तोडून घरातल्या थंड कोपऱ्यात टोपलीत पिकवलेले बरे.

सांबाराबद्दल, म्हणजे कोथिंबिरीबद्दल, लिहिण्यासारखे फारसे नाही. तो थंडीचा जीव आहे. मेमध्ये आधी उगवतच नाही आणि उगवला तर चार पाने येताच दांडा धरून फुलावर जातो. मिरचीची फुलेही उन्हाने गळाली. फुलकिड्यांनी शेंड्याची पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळवली, आणि ज्या झाडांचा पुरता चुरडा-मुरडा झाला ती मी उपटून टाकली.

वांग्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वांग्याची पाने फिकी पडून त्यांवर बारीक पांढरे ठिपके दिसू लागले. पान उलटून उन्हाकडे धरले तर खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम धागे आणि त्यांत सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके सरकताना दिसले. हे लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या हवेत त्यांची पिलावळ फार झपाट्याने वाढते. लोक लगेच दुकानातून मिळेल ते कीटकनाशक आणून मारतात. पण कोळी हा कीटक नव्हे. बऱ्याच कीटकनाशकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीने वाढतो. गंधक हा कोळ्यावरचा जुना उपाय आहे, मात्र इतक्या उन्हात गंधक फवारले तर पानेच करपतात, आणि वेलवर्गीय भाज्यांना तर ते एरवीही सोसत नाही. म्हणून रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे आणि फार बिघडलेली पाने तोडून घरापासून दूर नेऊन जाळणे, एवढ्यावरच मी भर दिला. वांगी वाचली. जी झाडे सावलीच्या जाळीखाली होती ती लवकर सावरली, उघड्यावरची उशिरा.

जे साधले त्यात पहिला मान गवार आणि बरबटीचा (चवळीच्या शेंगांचा). दोन्हींचे सोटमूळ काळ्या मातीत खोल जाते, दोन्ही शेंगवर्गीय असल्यामुळे हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवतात, आणि दुपारच्या झळांमध्येही त्यांची पाने मान टाकत नाहीत. भेंडीनेही साथ दिली. परभणी क्रांती हे वाण १९८५ मध्ये आले, त्याला आता चाळीस वर्षे झाली, तरी परसबागेसाठी मला ते आजही योग्य वाटते, कारण पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगापुढे ते स्थानिक वाणांपेक्षा बरे टिकते आणि त्याचे बी घरी धरता येते. संकरित पाकिटाच्या झाडाचे बी धरले तर पुढच्या पिढीत एकसारखी झाडे येत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

लवकीने, म्हणजे दुधी भोपळ्याने, मात्र खरी मेहनत करून घेतली. कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत या वेलाला नरफुले फार आणि मादीफुले थोडी येतात. त्यात लवकीचे फूल संध्याकाळी उमलते, त्या वेळी गावातल्या मधमाश्या पोळ्यावर परतलेल्या असतात, आणि रात्रीचे पतंग या कोरड्या हवेत कमीच फिरकतात. फुलाखाली बोटाच्या पेराएवढी, लव असलेली इवली लवकी दिसली की ते मादीफूल. दिवेलागणीनंतर मी नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे मुडपते आणि त्याचे केसर मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवते. परागण साधले असेल तर दोन-तीन दिवसांत ती इवली लवकी देठावर खाली झुकते आणि फुगू लागते. नसेल साधले तर पिवळी पडून सुकते. आमच्या सासूबाई हे काम कित्येक वर्षे करत आल्या आहेत, आणि या वर्षी मांडवावरची बहुतेक फळे याच हातांची आहेत.

आता पाण्याकडे येते. भर दुपारी लवकीची किंवा वांग्याची पाने लोंबली, की आपल्याला वाटते झाड तहानले. पुष्कळदा माती ओलीच असते. मुळे जेवढे पाणी खेचतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जाते, म्हणून पाने लोंबतात आणि ऊन उतरताच पुन्हा ताठ होतात. सकाळीसुद्धा पाने लोंबलेलीच असतील तरच पाणी कमी पडले असे समजावे. आपल्या भारी काळ्या मातीत रोज दोनदा पाणी सोडले तर मुळांना हवा मिळत नाही, मुळ्या कुजतात, आणि झाड पाण्यात उभे राहून वाळते. त्यापेक्षा वाफ्यावर वीतभर जाडीचा सोयाबीनच्या कुटाराचा थर द्यावा आणि दिवसाआड, सूर्य उगवण्याआधी, बुडाशी भरपूर पाणी सोडावे. कुटार नसेल तर वाळलेला पालापाचोळाही चालतो. कुटार हलवून पाहिले तर खालची माती दुपारीही हाताला गार लागते. भेगा पडत नाहीत, हाही मोठा फायदा आहे, कारण काळी माती फाटली की बारीक मुळ्या तुटतात.

सावलीचे गणित आपल्याकडे वेगळे आहे आणि ते कोणी सांगत नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो, त्यामुळे भिंतीची किंवा कुंपणाची सावली ऐन वेळी नाहीशी होते. म्हणून सावली वरून हवी. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी असेल तर उत्तम. नसेल तर बांबूच्या मांडवावर विरळ तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) टाकल्या तरी काम भागते. मांडव माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असावा, कारण बुटक्या जाळीखाली हवा कोंडते आणि झाडे उकडतात. पश्चिमेकडून येणारी झळ अडवायला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, आडोसा लावावा. ही सावली वांगी, मिरची आणि पावसाळ्यासाठी टाकलेल्या रोपवाटिकेसाठी. भेंडी, गवार आणि बरबटीला मात्र मोकळे ऊन द्यावे, नाहीतर ती उंच वाढतात आणि शेंगा धरत नाहीत.

या सगळ्यावर माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. आमच्या बचत गटाला परसबागेसाठी बियाण्यांची पाकिटे मिळाली ती मार्चच्या शेवटी, आणि त्यांत पालक, मेथी, मुळा आणि गाजर होते. ज्या बायांनी मोठ्या हौसेने वाफे केले, त्यांच्या हाती काहीच आले नाही, आणि त्यांतल्या काहींनी परसबागेचा नादच सोडला. त्यांच्या कष्टांत काही कमी नव्हते. बी चुकीचे होते आणि वेळही चुकली होती. उन्हाळी भेंडी आणि गवार फेब्रुवारीत पेरली तर मे लागेपर्यंत मुळे खोल जातात आणि झाड उन्हाला सामोरे जाते. हिवाळी भाज्यांच्या बियांऐवजी गवार, बरबटी, भेंडी, चवळाई (पालेभाजी) आणि लवकी अशी पाच पाकिटे आणि सोबत चार-पाच मीटर जाळी द्यावी, आणि ती मकरसंक्रांतीच्या आत गावात पोचवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.