अगादेझ कुठे गेलं?

युरोप-आफ्रिका स्थलांतर करारांवरचा लेख माहितीपूर्ण आहे, पण स्थलांतर हे युरोप आणि आफ्रिकेचं ‘सामायिक आव्हान’ असं लिहिताना नायजरमधलं अगादेझ कसं सुटलं? सहाराच्या तोंडावरचं हे शहर. इथून दर आठवड्याला लष्कराच्या सोबतीनं टोयोटा पिकअपचे तांडे लिबियाकडे निघायचे. हौद्यात पंचवीस-तीस माणसं कोंबलेली. कडेला बसलेल्यांचे पाय बाहेर लोंबकळत, आणि गचक्याला पडू नये म्हणून मांड्यांमध्ये एकेक दांडका रोवलेला. सगळं राजरोस. ड्रायव्हर, खाणावळवाले, पाण्याचे कॅन विकणारे त्यावरच जगत.

मे २०१५ मध्ये नायजरनं या वाहतुकीविरुद्ध कायदा केला. नोव्हेंबरात माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथल्या स्थलांतर परिषदेत युरोपनं आफ्रिकेसाठी खास निधी उभारला. २०१६ पासून गाड्या जप्त, ड्रायव्हर तुरुंगात. पर्यायी रोजगाराची मदत मोजक्यांच्याच पदरी पडली. वाहतूक काही थांबली नाही. ती पहारा आणि विहिरी टाळून आडवाटांनी जाऊ लागली, आणि वाळवंटात माणसं तहानेनं मेली. (इकोवास या पश्चिम आफ्रिकी गटातल्या देशांच्या नागरिकांना नायजरमध्ये यायला तर रीतसर मुभा होती!)

जुलै २०२३ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि नोव्हेंबरात कायदाच रद्द केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्युनिशियाचे अध्यक्ष कैस सईद यांनीही युरोपचे ६ कोटी युरो परत पाठवले होते. लेखकांना विनंती, करार कोणी केले याबरोबरच ते पुढे कोणाच्या अंगावर आले, हेही लिहा.